चेंडू कुठल्या डोळ्यानं बघता?

चष्म्याच्या काचा बदलायला गेलेला माणूस बॅट कशी मारायची तेच विसरून घरी आला, असं कुणी सांगितलं तर पटणार नाही. पण पाणी विभागातल्या रेघोबांचं नेमकं तसंच झालं, आणि तेही मॅच जेमतेम आठ दिवसांवर आली असताना.

रेघोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जमिनीखालून जाणाऱ्या पाइपांचे नकाशे ते बावीस वर्षं काढत होते. त्यांनी नुसत्या हातानं मारलेली रेघ दुसऱ्यानं पट्टी लावून मारलेल्या रेघेपेक्षा सरळ येते, अशी ख्याती होती. म्हणून कचेरीनं हे नाव ठेवलं. दुसरी ख्याती बेसबॉलची. दरवर्षी पाणी विभाग आणि वीज विभाग यांची मॅच होई. रेघोबा सुटलेलं पोट सावरत बॅट घेऊन उभे राहत, चेंडू येई, रेघोबा मारत, आणि वीज विभागाची माणसं कुंपणापलीकडे चेंडू शोधायला जात. 'कसं जमतं हो?' असं विचारलं की ते म्हणत, "चेंडू येतो, मी मारतो." यापलीकडे त्यांना काही सांगता येत नसे आणि सांगायची कधी गरजही पडली नव्हती.

या वर्षी मात्र मॅच साधी नव्हती. दोन्ही विभाग नव्या इमारतीत जाणार होते. तिथे एकाला मिळणार होता पहिल्या मजल्यावरचा, सात खिडक्यांचा हॉल, आणि दुसऱ्याला तळघर. दोन महिने कागद इकडून तिकडे फिरले, भांडणं झाली. शेवटी वैतागून संचालक म्हणाले, "मॅच जिंकेल त्याच्या खिडक्या!" पाणी विभागात फायली सांभाळणाऱ्या बाईंना दमा होता. तळघरातल्या ओलीत आपला एक महिनाही निभाव लागायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नोकरी सोडायचा अर्ज त्यांनी लिहूनच ठेवला होता. फक्त तारीख घालायची बाकी होती.

अशा वेळी रेघोबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बेसबॉलचे वेडे. डोळे तपासून झाल्यावर त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "एक सांगा, चेंडू कुठल्या डोळ्यानं बघता?"

"दोन्ही डोळ्यांनी," रेघोबा म्हणाले.

"छे! तसं कुणीच बघत नाही. संसारात जसं एकाचंच चालतं, तसंच डोळ्यांतही. एक मालक, दुसरा नुसता सोबतीला. तुमचा मालक कुठला?"

रेघोबांनी खुर्चीत बसल्या बसल्या घाम पुसला. चव्वेचाळीस वर्षं दोन डोळे बाळगले, पण ही चौकशी कधी केली नव्हती.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. हात लांब करायचे, दोन्ही पंजे जुळवून मध्ये एक भोक ठेवायचं, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहील तो मालक. दवाखान्यात उजवा डोळा मालक निघाला. घरी येऊन रेघोबांनी पुन्हा केलं, तर डावा निघाला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा कुठल्याच डोळ्याला घड्याळ दिसेना.

त्यांची बायको गाडी शिकवण्याचा क्लास चालवत असे. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेक दाबून दमलेली ती घरात शिरली, तर नवरा भिंतीकडे हात पसरून उभा.

"अहो, काय चाललंय हे?"

"मालक शोधतोय."

"आपल्या घरात? मग मला विचारायचं ना!"

दुसऱ्या दिवशी सरावाला पंपावरच्या ऑपरेटरनं नेहमीसारखा बाळबोध चेंडू टाकला. रेघोबांनी उजव्या डोळ्यानं बघायचं ठरवलं. मग वाटलं, डावाच असावा. तेवढ्यात चेंडू मागच्या जाळीत जाऊन पडला. वीस चेंडू टाकले. एकोणीस जाळीत गेले आणि एक पोटाला लागला.

पाणी विभागाच्या तोंडचं पाणी पळालं. कप्तान म्हणजे खुद्द मुख्य अभियंता, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. त्यांनी रेघोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "डोळे-बिळे सोडा हो. सगळा खेळ पायांचा. पुढचा पाय कधी उचलता?"

"उचलतो का मी?" रेघोबांनी घाबरून विचारलं.

ऑपरेटर म्हणाला, "पाय नाही साहेब, श्वास. मारताना श्वास सोडायला पाहिजे. तुम्ही घेता का सोडता, रेघोबा?"

"नक्की नाही सांगता येणार," रेघोबा म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांना श्वाससुद्धा आठवणीनं घ्यावा लागू लागला.

संध्याकाळी मेहुणा आला. तो गाद्या विकायचा, पण त्याचा खरा ओढा मनाच्या शक्तीकडे होता. या विषयावरची तीन शिबिरं करून तो आता चौथ्याच्या तयारीत होता. "भाऊजी, बॅटला हातच लावू नका," तो म्हणाला. "डोळे मिटून आडवे व्हा. मनात मैदान बघा. चेंडू येतोय... तुम्ही मारताय... चेंडू उंच... दिसतोय?"

"दिसतोय."

"कुठं गेला?"

"वर गेला... आता खाली येतोय..." रेघोबांचा चेहरा पडला. "झेलला त्यांनी."

"अहो भाऊजी, मैदान तुमच्या मनातलं! तिथं कशाला आऊट होता?"

"मी काय करू? त्यांचा माणूस बरोबर खाली उभा होता."

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. स्वतःच्याच मनात आऊट होणारा माणूस त्यानं तिन्ही शिबिरांत पाहिला नव्हता.

बायकोनं मात्र एकच सांगितलं. "माझ्याकडे गाडी शिकायला येतात ना, ते क्लचकडे बघत बसले की हमखास गाडी बंद पडते. तुमचंही तेच झालंय. विचार करू नका, एवढंच."

सल्ला लाख मोलाचा होता. पण विचार करायचा नाही हे लक्षात ठेवायचं, तर तोही एक विचारच. आणि तो सोडायचा कसा, याचा विचार करत रेघोबा ताटावर बसले. घास आधी चावायचा की आधी जिभेनं एका बाजूला सारायचा, असा प्रश्न तिथे पडला, आणि जेवण तासभर चाललं.

हळूहळू हे लोण सगळीकडे पसरलं. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकायचा ते ठरेना, म्हणून रेघोबा वरच्या पायरीवरच थांबून राहू लागले, आणि मागे माणसं खोळंबू लागली. शर्टाची बटणं एक घर चुकून लागू लागली. बुधवारी तर कहर झाला. एका गल्लीतला मोठा व्हॉल्व्ह बदलायचा होता, पाणी बंद केलं होतं, रस्ता खणून माणसं तयार होती; फक्त नकाशावर रेघोबांची सही हवी होती. रेघोबांनी पेन टेकवलं आणि त्यांच्या मनात आलं, आपण सहीची सुरुवात वरून करतो की खालून?

नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनानं नकाशा परत सरकवला. "ही सही तुमची नाही."

"अहो, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत केली!"

"ते मी पाहिलं. पण जुन्या सहीशी जुळत नाही. ज्यांची सही आहे त्यांना पाठवा."

"तो मीच!"

"मग त्यांच्यासारखी सही करा."

रेघोबांनी अकरा सह्या केल्या. अकराही वेगवेगळ्या आल्या. शेवटची पाहून तर त्यांनाच शंका आली, की खरंच आपणच का हे? नकाशा अडला म्हणून व्हॉल्व्ह अडला, व्हॉल्व्ह अडला म्हणून गल्लीचं पाणी दीड दिवस बंद राहिलं, आणि साहेबांचं घर नेमकं त्याच गल्लीत निघालं. गुरुवारी साहेब बिनआंघोळीचे कचेरीत आले. त्यांनी नकाशावर स्वतः सही ठोकली आणि फर्मान काढलं, "रेघोबा, रविवारपर्यंत कशालाही हात लावू नका. नुसते बसा आणि डोकं शांत ठेवा!"

शांत ठेवण्यासाठी डोकं मोकळं लागतं. रेघोबांच्या डोक्यात तर दोन डोळे, दोन पाय, एक श्वास, एक मेहुणा आणि अकरा सह्या एवढी गर्दी झाली होती.

रविवारी सकाळी मैदान भरलं. वीज विभागाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, खांबावर चढणारा एक उंचनिंच लाइनमन होता. त्याचा चेंडू कधी हातातून सुटला ते कळायचं नाही. रेघोबा पहिल्या तीन वेळा नुसते जाऊन आले. पण बाकीच्यांनी जीव तोडून खेळ केला आणि शेवटच्या डावात दोन्हीकडे पाच-पाच धावांची बरोबरी झाली. पाणी विभागाचे दोन गडी बाद होते, तिसरा गेला की डाव संपणार होता. तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, त्यांची माणसं उभी होती. एक धाव आली की खिडक्या. आणि बॅटची पाळी रेघोबांची.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "बदली कुणी आहे का?" त्यांनी पुटपुटत विचारलं. बदली खेळाडू म्हणजे टायपिस्ट. तो मघाशी आनंदाच्या भरात बाकावरून उडी मारून घोटा मुरगळून बसला होता.

फायलीवाल्या बाई उठून रेघोबांजवळ आल्या. "जा तुम्ही. तळघर मिळालं तरी मी तुमच्यावर नाही हो रागवायची," त्या म्हणाल्या आणि खोकल्या.  त्या रागावल्या असत्या तर बरं, असं रेघोबांना वाटलं.

ते जाऊन उभे राहिले. लाइनमननं हात फिरवला. रेघोबा उजवा की डावा हे ठरवत होते. चेंडू सरळ मधून गेला. "स्ट्राइक!" पंच ओरडले. अशा तीन झाल्या की बाद.

दुसरा चेंडू आला तेव्हा रेघोबा अजून पहिल्याचाच विचार करत होते. "स्ट्राइक दोन!"

बाकावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण तिकडे लाइनमनच्या मनात वेगळंच शिजू लागलं. या माणसानं गेल्या वर्षी आपला चेंडू कुंपणापलीकडे घालवला होता. आज हा दोन सोपे चेंडू सोडून देतो, पापणी हलवत नाही, बॅट इंचभर सरकवत नाही, आणि वर तोंडानं काहीतरी पुटपुटतो आहे! नक्की कशाची तरी वाट बघतोय. (रेघोबा 'घेऊ का सोडू, घेऊ का सोडू' असं श्वासाला विचारत होते.) लाइनमननं सावधपणे तिसरा चेंडू जरा बाहेर टाकला. रेघोबा ढिम्म. चौथा त्याहून बाहेर. रेघोबा ढिम्म. आता लाइनमनला घाम फुटला. पाचवा जमिनीत आपटला. सहावा टाकण्याआधी त्यानं तीनदा हात पुसले, आणि चेंडू असा उंच सुटला की झेलणाऱ्याला उडी मारावी लागली.

एकदम आरडाओरडा झाला. रेघोबांनी पंचांकडे वळून विचारलं, "झालो का आऊट?"

"आऊट कसले? चार चेंडू बाहेर पडले. पहिल्या बेसवर जा."

"पण मी मारलंच नाही."

"म्हणूनच जा!"

रेघोबा चालत पहिल्या बेसवर गेले. नियमाप्रमाणे त्यांच्या पुढचे सगळे एकेक बेस पुढे सरकले, आणि तिसऱ्या बेसवरचा ऑपरेटर, कुणी मागे लागलेलं नसताना, नाचत घरी, म्हणजे धाव पुरी होते त्या जागी, पोचला. सहा-पाच! फायलीवाल्या बाई रडत होत्या, हसत होत्या आणि मधेच खोकत होत्या.

सगळ्यांनी रेघोबांना घेरलं. साहेब त्यांना मिठी मारत म्हणाले, "याला म्हणतात संयम! दोन स्ट्राइक पडल्यावर न मारायला वाघाचं काळीज लागतं!"

"साहेब, खरं सांगू का? माझं मारायचं की नाही तेच ठरत नव्हतं."

"ऐकलंत?" साहेब सगळ्यांकडे वळले. "ठरवायची घाई नाही केली यांनी!"

लाइनमन खालमानेनं आला. "काका, एवढंच सांगा, तुम्ही कशाची वाट बघत होता?"

"कशाचीच नाही रे बाबा. मला काही सुचतच नव्हतं."

लाइनमननं हे शब्द मनात घोळवले. "काही सुचूच द्यायचं नाही..." असं म्हणत तो विचारात पडून निघून गेला. जाताना बॅटींच्या ढिगाला अडखळला. मेहुणा तर शिबिरवाल्यांना फोन करून सांगत होता, की चौथ्या शिबिराला पाहुणा म्हणून बोलावण्याजोगा माणूस आपल्या घरातच आहे.

तेवढ्यात संचालकांनी हात पुढे केला. "नव्या हॉलमध्ये गेलात की सगळ्या विभागांसमोर तासभर बोला. विषय: मन स्थिर कसं ठेवावं. हो ना?"

हो म्हणावं की नाही, हे रेघोबांना ठरवता येईना. ते नुसते बघत राहिले. संचालक खूश होऊन म्हणाले, "वा! इथेही घाई नाही!" आणि तारीख ठरवून गेले.

घरी जाताना बायको गाडी चालवत होती.  समोर बघतच ती म्हणाली, "अहो, तुम्ही तिथं गोठून उभे होता ना?"

"हो."

"मला लांबूनच कळलं. जाऊ दे. पण कुणाला सांगू नका हं."

"अगं, सगळ्यांना सांगितलं," रेघोबा हताश होऊन म्हणाले. "लिहून घेतायत."