एकतीस ऑक्टोबरनंतरचे दिवंगत

सुसंस्कृत समाजात वर्ष केव्हा संपतं हे कॅलेंडर ठरवत नाही, समिती ठरवते. आयर्लंडमधल्या आमच्या किलड्रॉमिन गावात ते एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी पाच वाजता संपतं. त्यानंतर जे घडतं, ते पुढच्या वर्षी घडतं. कारण गावाचा वार्षिक अंक नाताळाआधी घरोघरी पोचायला हवा, आणि छापखान्याला पाच आठवडे लागतात (एक कामाला, चार सबबींना).

यंदाचं वर्ष सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने भरगच्च गेलं. नव्या चौकाचं उद्घाटन दोनदा झालं, कारण पहिल्या फोटोत मंत्रिमहोदयांचे डोळे मिटलेले आले: चार पानं. फुटबॉल संघाने उपांत्य सामना नैतिकदृष्ट्या जिंकला: तीन पानं. नाट्यमंडळाच्या प्रयोगाला नट अकरा, प्रेक्षक नऊ (सात नातेवाईक, दोघं पावसामुळे आत आलेले): दोन पानं. आयरिश भाषा जपण्याचा ठराव नेहमीप्रमाणे एकमताने आणि नेहमीप्रमाणे इंग्रजीत मंजूर झाला: अर्धं पान.

‘दिवंगत’ला एकच पान. पण रेडिओवर कोण कोण गेलं हे ऐकल्याशिवाय ज्या गावाच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नाही, ते गाव अंक तिथूनच उघडतं. ते पान सव्वीस वर्षं माझे वडील फिन्टन गेराटी लिहीत. नाव, तारीख आणि एक वाक्य. ‘यांनी उसनी घेतलेली शिडी स्वतःहून परत केली,’ असं. एकतीस तारखेचा नियमही त्यांचाच.

यंदाही त्यांनी पान वेळेत दिलं आणि दोन नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, ते वारले. (वेळेचे ते पक्केच होते.)

दफनाला समिती पूर्ण गणसंख्येने हजर होती. अध्यक्षांनी माझा हात दोनदा हातात घेतला, एकदा समितीतर्फे, एकदा नगरसेवक म्हणून.

नंतर आईने विचारलं, “यंदाच्या अंकात येतील ना गं ते?”

तिची नजर जात चालली आहे. डॉक्टरांच्या मते पुढच्या नाताळपर्यंत तिला अक्षरं दिसणार नाहीत. म्हणून मी समितीकडे रीतसर अर्ज केला.

“बस पोरी,” सचिव कॉन्सेप्टा टायर्नी म्हणाल्या. “आधी चहा घे. नाही म्हणायचं तर चहा पाजून म्हणावं.”

“एका ओळीचा तर प्रश्न आहे, कॉन्सेप्टा.”

“माझा माल्की काही वर्षांपूर्वी एक नोव्हेंबरला गेला. पहाटे सव्वासहाला. तुझे बाबा याच खुर्चीत बसून मला म्हणाले, ‘सव्वातेरा तासांसाठी वर्ष वाकवता येणार नाही.’ झालं! माझा नवरा पुढे बारा महिने जिवंत.”

“मतदार यादीत तर अजून आहे,” खजिनदार म्हणाले.

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“तुम्ही चिडला होतात त्यांच्यावर?” मी विचारलं.

“वर्षभर बोलले नाही. मग पुढच्या अंकात माल्कीचं वाक्य वाचलं, आणि केक घेऊन गेले तुमच्या घरी.” त्यांनी कप खाली ठेवला. “फिन्टनचं नाव मी यंदा छापणार नाही. त्यालाच चाललं नसतं. पण जागा देऊ. त्या पानाच्या तळाशी एक ओळ कोरी सोडा.”

ठराव मंजूर झाला. (अध्यक्ष तटस्थ, कोऱ्या ओळीत फोटो बसत नाही.)

अंक आला. आईने भिंग घेतलं, नावांवरून बोट खाली नेलं आणि त्या ओळीवर थांबवलं.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “एरवीही ते कमीच बोलायचे.”

समितीकडे मात्र सतरा तक्रारी आल्या: सदर ओळ कोणासाठी राखून ठेवली आहे, ते जाहीर करावं. सर्व तक्रारदार सत्तरीच्या पुढचे. समितीने कळवलं की ओळ तूर्त भरलेली आहे, पण पुढल्या अंकात गावातल्या प्रत्येकाचा समान विचार होईल.

त्या ओळीत साधारण बावीस अक्षरं मावतात. मोजत बसू नका, तुमचं नाव बसतं.