मान्य गळती

पूर्ण बंद असे या जगात काहीही नसते, ही गोष्ट सामान्य माणसाला उशिरा कळते. नगरपालिकेला ती आधीपासून ठाऊक असते.

अकोला आणि बडनेऱ्याच्या मध्ये असलेल्या आमच्या गावात साठ-एकसष्टच्या सुमारास नळ आले. नदीचे गढूळ पाणी पंपाने टाकीत चढवायचे, ते तिथे निवळायचे आणि तळाचा वाळूमिश्रित गाळ एका व्हॉल्व्हमधून बाहेर सोडायचा, अशी उत्तम व्यवस्था होती. वाळूने त्या व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झडप जिच्यावर घट्ट टेकते ती कड, खरवडली. तो कितीही आवळला तरी गाळपाणी शेजारच्या माणिकबाईंच्या वांग्यांत शिरू लागले. माणिकबाईंचे घर त्याच वांग्यांवर चाले. त्या ओव्हरसियर खुशालरावांकडे गेल्या.

व्हॉल्व्हची बैठक झिजली म्हणून खुशालरावांनी तातडीने बैठक बोलावली. (ही बैठक झिजत नाही.) तीत ठरले, की करंगळीएवढ्या धारेला गळती न म्हणता ओल म्हणावे आणि मनगटाएवढी धार मान्य गळतीत धरावी. पुढे धार मांडीएवढी झाली. पुन्हा बैठक. खुशालराव अंगाने काडी, म्हणून मांडी नगरपालिकेच्या अध्यक्षांची धरण्यात आली. गळती लगेच मर्यादेत आली.

उन्हाळ्यात टाकीत पाणी थांबेनासे झाले. वांगी कुजली, वावराचे तळे झाले आणि गावाचे नळ सुकले. सारे गाव घागरी घेऊन माणिकबाईंच्या वावरात लोटले. खुशालरावांच्या मंडळी सर्वांत पुढे होत्या. ज्या जागी लोकांना पाणी मिळते तो पुरवठा, हे उघडच आहे. तेव्हा बैठकीने वावराला पुरवठा ठरवले, आणि नळांतून अधूनमधून जे थेंब पडत ती गळती ठरवून अमान्य केली. नळ बंद करण्याचा हुकूम निघाला.

त्या दिवशी माणिकबाई बांधावर बसून रडल्या. दुसऱ्या सकाळी वांग्याची रोपे घेऊन त्या थेट टाकीत उतरल्या. आत काळाभोर गाळ होता आणि पंपाचे पाणी आयते होते. खुशालराव धापा टाकत काठावर आले आणि ही सरकारी टाकी असल्याचे त्यांनी सांगितले.

माणिकबाईंनी रोप दाबत म्हटले, "तुमचं पानी माह्या वावरात रायते, साहेब. माहे वांगे तुमच्या टाकीत रायले, त काय बिघडलं?"

खुशालरावांनी खूप विचार केला. त्यांना काहीच बिघडलेले दिसेना. वांगी झकास आली. अध्यक्षांनी भरीत करून खाल्ली.

आपण हसलात, ते योग्यच झाले. आता हसू ओसरल्यावर जरा कान द्या. आपल्या मोरीतला नळ टपटपतो आहे, आणि त्याखाली बादली आपणच ठेवली आहे.