मशीनमधली हलगी

"ह्या सीझनला बघाच तुम्ही, साहेबराव! एक मानूस, दोन मशिनी, आन् आख्खी पार्टी! वऱ्हाडानं तोंडात बोटं न्हाई घातली तं नावाचा प्रितम न्हाई!"

असं प्रितमनं गुढीपाडव्याला छाती ठोकून सांगितलं. आता छाती ठोकून बोललेल्या माणसाचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. पण याचं जसं झालं, तसं कुणाचं होऊ नये बाबा!

कुंभार पिंपळगावची ही बँजो पार्टी मुळात तिघांची. साहेबराव बँजोवर, प्रितम ऑक्टोपॅडवर आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून राहणारे पुंजाराम काका हलगीवर. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकोन असलेलं मशीन. काडी मारली की एकातून ढोल निघतो, एकातून ताशा, एकातून चक्क सनई. त्यात यंदा प्रितमनं जालन्याच्या बबलूकडून दुसरं मशीन आणलं. डब्याएवढं काळं खोकं, वर सोळा बटणं. जो आवाज आत भरावा तो बटण दाबताच बाहेर! दोन्ही मशिनी एका वायरीनं जोडल्या की मोठीवर काडी मारली तरी धाकटी वाजणार.

"आता ह्या जावाजावा एका चुलीवर!" प्रितम खूश होऊन म्हणाला.

बबलूनं निघताना बजावलं होतं, "दोघींना येगयेगळा चॅनल दे बरं का. न्हाई तं हिला मारलं की तीबी बोंबलंल."

"चॅनल? मला काय बातम्या बघायच्यात का?" प्रितम हसला आणि गाडीला किक मारली. इथंच पहिली माती खाल्ली गड्यानं.

आता तुम्ही विचाराल, पार्टीत जिवंत हलगीवाला असताना हे खोकं कशाला? तर त्याचं कारण म्हणजे शेक. हलगीचं कातडं वाजवता वाजवता ढिलं पडतं. मग जाळ करायचा, त्याच्यावर ती धरायची, ताणली की पुन्हा वाजवायची. पुंजाराम काका या बाबतीत हट्टी. नवरदेव घोड्यावर घामाघूम, वऱ्हाड रस्त्यात ताटकळलेलं, आणि काका कडेला उकिडवे बसून उसाचं पाचट पेटवतायत, जसा काही हुरडाच भाजायचाय!

"काका, जल्दी करा की!"

"ढिली हलगी म्हंजी ओल्या गोनपाटावर काठी. वऱ्हाडाला थांबू दे."

मागच्या सीझनला चार लग्नांत यावरून कटकट झाली. म्हणून मग प्रितमनं युक्ती केली. एका सकाळी काकांना अंगणात बसवलं, मोबाईल समोर धरला आणि म्हणाला, "काका, वाजवा जरा. आठवन म्हनून ठिवतो."

काका आतून नवा फेटा बांधून आले! आठवण राहणार म्हणजे काय साधी गोष्ट आहे का? तासभर मन लावून वाजवलं. मधे दोनदा उठून हलगी शेकली. प्रितमनं ते सगळं खोक्यात भरलं आणि दुसऱ्याच आठवड्यात काकांना सांगून टाकलं, "घनसावंगीच्या रामरावमामाच्या पोरीचं लग्न हाये, पर त्यांनला हलगी नको म्हनत्यात."

"बरं," एवढंच काका म्हणाले आणि हलगी खुंटीला लावली.

त्या "बरं"नं प्रितमला जरा टोचलं, हे खरं. कारण याला ताल शिकवला तोच मुळी काकांनी. तेव्हा हा पाच वर्षांचा. हातात हलगी मावायची नाही, म्हणून काकांनी घरची परात दिली होती. याच्या रियाजानं परातीला एवढे पोचे आले की मालनकाकू अजून त्याच परातीत कणीक मळताना याच्या नावानं बोटं मोडते. पण टोचलं म्हणून खोकं परत देतं का कुणी?

आणि खरी गंमत पुढं आहे. रामरावांनी सुपारी देताना मुद्दाम सांगितलं होतं, "हलगी पुंजारामचीच पाहिजे बरं का! माझ्या लग्नात त्याच्या बापानं वाजवली व्हती."

"काकाचीच हाये मामा! बिलकुल काळजी करू नका!"

आता यात खोटं काय होतं? हलगी काकांचीच होती. काका तेवढे नव्हते.

लग्नाच्या दिवशी ऊन असं की बसल्या जागी पापड भाजावा. नवरदेव राधेश्याम घोड्यावर बसला आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या पाराकडून मांडवाकडं निघाला. प्रितमनं ऐटीत मोठीवर पहिली काडी मारली, ढोलाची. ढोल वाजला. पण त्याच्यासोबत धाकटी जाऊ कडाडली, "येऊन येऊन येणार कोण?"

बबलूनं ते खोकं आधी प्रचाराच्या गाडीवर वापरलं होतं! पुसलेत म्हणाला होता सगळे आवाज, मेला!

प्रितमचं पाणी पाणी झालं. पण वऱ्हाडाला या हाकेची सवयच एवढी की दोनशे माणसं एका दमात ओरडली, "राधेश्यामशिवाय हायेच कोण!"

नवरदेव घोड्यावर ताठ झाला. त्यानं तर हातबीत जोडले सगळ्यांना! आता प्रितम ढोल मारतोय, खोकं विचारतंय, वऱ्हाड उत्तर देतंय. मांडवापर्यंत नवरदेव निवडून आल्यासारखाच आला!

"कमाल केली पोरा!" वरबाप म्हणाला.

"आपली आयडिया हाये," प्रितम म्हणाला. खोटं बोलायची एकदा सवय लागली की जीभ आपोआप वळते.

साहेबराव कानाशी लागला, "आरं, मंगलाष्टकात आसं वरडलं तं? बंद कर त्ये."

प्रितमनं घाईघाईनं खोक्याचं एक बटण फिरवलं. प्रचाराचे आवाज गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. कोणते, ते बघायला त्याला वेळ नव्हता. कारण आंतरपाट धरला गेला होता, भटजी माईकवर उभे होते, आणि तेवढ्यात त्याला मांडवाच्या तिसऱ्या रांगेत एक नवा फेटा दिसला. पुंजाराम काका! रामरावांनी घरी पत्रिका धाडली होती, म्हणून माणूस लग्नाला आला होता. हलगी नको म्हणाले तरी आला होता! शेजारी मालनकाकू. काकांनी लांबून याच्याकडं बघून मान डोलावली. प्रितमनं मान खाली घातली.

शेवटचं मंगलाष्टक झालं. अक्षता मुठीत, मुठी वर. भटजींनी सूर लावला, "शुभ मंगल साऽवऽधाऽऽन!"

प्रितमनं सनईवर काडी मारली. आणि सहा स्पीकरांतून अख्ख्या घनसावंगीला ऐकू जाईल असा आवाज आला, "आरं थांब! थांब! ढिली पडली!"

मुठी वरच्या वर राहिल्या. आंतरपाट धरणारे दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

"आसं न्हाई जमायचं! आधी शेकून घेऊ दे! आरं थांब! थांब! ढिली पडली!"

"कोन म्हनलं थांब?" भटजी.

"कोन ढिली पडली?" नवरदेवाची आत्या द्वारकाबाई पदर खोचून उभी राहिली. "आमच्या घरात येनारी सून ढिली हाये का? आन् शेकायची भाषा कोन करून राह्यलं? आधी सांगायचं व्हतं!"

"आवो, तसं न्हाई..." रामराव हात जोडत धावले.

"आसं न्हाई जमायचं!" स्पीकर गरजला.

"ऐका! ऐका! तुमचेच लोक म्हनून राह्यले, न्हाई जमायचं!" आत्याबाईनं कमरेवर हात ठेवले.

प्रितमनं दोन्ही मशिनी जोडणारी वायर उपसली. खोकं थांबेना. त्यानं सोळाच्या सोळा बटणं दाबली. आता चार-चार पुंजाराम काका एकदम बोलायला लागले, कुणी थांब म्हणतोय, कुणी खोकतोय, कुणी "मालन, पानी आन गं" म्हणतोय. तिसऱ्या रांगेतली मालनकाकू खरोखरच पाण्याला उठली! शेवटी कुणीतरी मांडवाचा मेन स्विचच खाली ओढला. पंखे थांबले, माईक गेला, स्पीकर गेले.

"मुहूर्त दोन मिनिटं हाये," भटजी घड्याळाकडं बघत म्हणाले, "पण वाजंत्रीशिवाय अक्षता कशा टाकायच्या?"

साहेबरावाचा बँजोही विजेवरचा. रामराव प्रितमकडं वळले. चिडलेले नव्हते, रडवेले झाले होते, आणि तेच जास्त लागलं. "प्रितम, हलगी हाये म्हनला व्हतास ना? कुठं हाये हलगी?"

"हाये मामा," प्रितमनं खोक्याकडं बोट दाखवलं. "मशीनमधी हाये."

तिसऱ्या रांगेतून पुंजाराम काका उठले. सरळ मांडवामागं आचाऱ्याकडं गेले आणि पुऱ्या काढलेली परात उपडी करून घेऊन आले, हातात दोन कामट्या. आत्याबाई अजून कमरेवर हात ठेवून उभीच होती. तिच्यासमोर थांबून काका म्हणाले, "बाई, ढिली पडली ती माझी हलगी. सूनबाई सोन्यासारखी हाये. आन् ही परात गरमच हाये, शेकायचं काम न्हाई."

"साऽवऽधान!" भटजी मोकळ्या गळ्यानं ओरडले.

आणि परात जी कडाडली म्हणता! अंगावर काटा आला. अक्षता पडल्या, नवरी राजनंदिनीनं माळ घातली, आणि मघा भांडायला उभी राहिलेली आत्याबाईच पहिली नाचायला उतरली. मालनकाकू पाण्याचा तांब्या हातात घेऊन रडत होती. तो ताल प्रितमला पाठ होता. पाच वर्षांचा असताना शिकलेला पहिलाच ताल तो. त्याचे हात आपोआप गुडघ्यावर वाजायला लागले, आणि मग त्यानं ते मांडीखाली दाबून धरले.

पंगती उठल्यावर तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. वाटलं, एक थोबाडीत बसली तर बरं होईल.

"काका, चुकलं माझं."

काका हात पुसत होते. म्हणाले, "आवाज घेतला तं घेतला रं. पर सांगून घ्यायचा. लग्नात वाजनार हाये म्हनला आस्तास, तं दोन चांगले शब्द नस्तो का बोललो?"

यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो काकांच्या दारात गेला. पुढच्या लग्नाला हलगी काकांची आणि काकाही काकांचेच, असं ठरवूनच गेला होता. पण मालनकाकू म्हणाली, "त्ये गेले हसनाबादच्या पार्टीसंगं. परातीचं शूटिंग कुनीतरी मोबाईलवर टाकलं म्हनं. तुळशीच्या लग्नापस्तोर तारखा देऊन बसलेत."

आता प्रितम रोज संध्याकाळी ओट्यावर बसतो. दोन्ही मशिनींना वेगळा चॅनल दिलाय, सगळं बराबर चालतंय. प्रचाराचे आवाज पुसले, सनई जागेवर आणली. एकच आवाज तेवढा त्याला पुसवत नाही. परवा बसल्या बसल्या त्यानं तोच दाबला. "आरं थांब! थांब! ढिली पडली!"

भिंतीपलीकडून लगेच हाक आली, "आलात का वो? च्या ठिवू का?"

प्रितम म्हणाला, "न्हाई काकू. मी हाये. मशीन हाये."

पलीकडं भांडं आदळलं.

"मंग मशीनलाच पाज!"