भिवाआप्पांचं कुलपाशी वैर

आमच्या न्हावऱ्यात दुकानाला कुलूप न लावणारा माणूस एकच, भिवाआप्पा. संध्याकाळी शटर खाली ओढायचं, कडीला सुतळीची गाठ मारायची आणि निवांत घरी जायचं. आत कॉम्प्युटर, प्रिंटर, लग्नपत्रिकांचे गठ्ठे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, निदान एक छोटं कुलूप तरी लावा."

"सर, कुलूप चोराला अडवत न्हाई. मालकाला अडवतं. म्या भोगलंय."

मी तिथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचो आणि शिरूरहून येऊन-जाऊन करायचो. आप्पांचं टायपिंगचं दुकान एसटी स्टँडसमोर, आणि माझी एसटी कधी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं त्यांच्या बाकड्यावर माझं रोजचं अर्धा तास बसणं ठरलेलं. गावातली लग्नं, बारशी, दशक्रिया सगळं आप्पांच्या हातून छापून जायचं. पत्रिका हातात आली की लोक नवरा-नवरी कोण ते बघतात. आप्पा अक्षर कुठलं वापरलंय ते बघायचे.

दुसरी सवय म्हणजे कुठलीही नवी वस्तू दिसली की एकच प्रश्न, "ह्याची चावी कुणाच्या खिशात हाय?" डेअरीत फॅट मोजायचं नवं मशीन आलं. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या. आप्पा मागून म्हणाले, "झॅक हाय. पन बिघडलं तर उघडणार कोन?" चेअरमनसाहेब त्या दिवशी पेढा न खाताच घरी गेले.

हे वेड लागायला कारण होतं. नव्वदच्या दशकात आप्पांनी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्याच्याबरोबर काडेपेटीएवढं एक डबडं आलं. त्याला सगळे 'लॉक' म्हणायचे. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागं, प्रिंटरच्या वायरीच्या जागी खुपसलं तरच मराठी उमटायचं. आप्पा त्या डबड्याला दसऱ्याला झेंडूचं फूल वाहायचे.

दहा-बारा वर्षं सुखात गेली. मग एका वळवाच्या विजेनं कॉम्प्युटर जळाला. लॉक वाचलं, आणि आतली फायलींची डिस्क. आप्पा पुण्याहून नवा कॉम्प्युटर घेऊन आले, लॉक हातात धरून त्याच्या पाठीमागं गेले आणि बराच वेळ तिथंच उकिडवे बसले. नव्या कॉम्प्युटरला ते भोकच नव्हतं. तसली भोकं ठेवायची पद्धतच आता गेली होती.

त्यांनी कंपनीला फोन लावला. मी बाकड्यावर होतो.

"ते व्हर्जन बंद झालं, काका. नवीन घ्या."

"घेतो की. पन माज्या जुन्या फायली?"

"त्या नव्यात उघडतीलच असं नाही."

"आवो, पन त्या म्याच टाइप केल्यात!"

पलीकडच्या माणसानं दिलगिरी व्यक्त केली. आप्पांनी फायली तशाच उघडून बघितल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. सगळ्या गावाची लग्नं त्या खिचडीत अडकली होती. त्या दिवशी आप्पांनी दुकानाचं कुलूप काढून विहिरीत टाकलं.

सुटका झाली ती कारेगावहून. तिथं खोली घेऊन राहणारा, कारखान्यात सुपरवायझर असलेला मिश्रा नावाचा बिहारी माणूस बायोडाटा टाइप करून घ्यायला आला होता. त्यानं आप्पांची कहाणी ऐकली आणि पुढच्या रविवारी एक सीडी आणून दिली. लिनक्सची, म्हणजे अख्खा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. "फोकट का है, चाचा. कॉपी करो, बाँटो."

फुकट म्हटल्यावर आप्पांना घाम फुटला. "सर, ह्यात गोम काय असंल?" त्या सीडीतला इंग्रजी करारनामा त्यांनी माझ्याकडून चार दिवस अर्धा-अर्धा तास मराठीत करून घेतला. दोन एसट्या सोडल्या मी त्यापायी. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की वापरा, उघडून बघा, दुरुस्त करा आणि दुसऱ्यालाही द्या, एवढंच ते म्हणतायत. आप्पा खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी इरजान हाय हे! शेजारणीला वाटीभर दिलं म्हनून आपलं दही कमी व्हतं का?"

मग ते विरजण गावभर वाटणं सुरू झालं. पत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर एक सीडी. तलाठ्याला सीडी, कंडक्टरला सीडी. ज्यांच्याकडं कॉम्प्युटर नव्हता त्यांनी ती ज्वारीच्या शेतात पाखरं उडवायला टांगली. आप्पांना त्याचंही वाईट वाटलं नाही. "वापर चालू हाय न्हवं?"

पण जुन्या फायली अजून बंदच होत्या. मिश्रानं सांगितलं, की युनिकोड म्हणून नवी रीत आली आहे. त्यात लिहिलेलं मराठी कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसतं. जुन्यातलं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता केला की बाकीचं काम मशीन करील. आप्पांनी उरलेल्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तक्ता मांडला. अख्खा पावसाळा त्यात गेला. घोळ दोनच होते. जुन्या रीतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसायची, नव्यात नंतर. आणि रफार नको तिथं जाऊन पडायचा. पहिल्या झटक्यात गावातले सगळे सूर्यकांत 'सूयर्कांत' झाले आणि सगळे स्वर्गवासी 'स्वगर्वासी'. दोन-तीन मयतांना ते शोभूनही दिसलं.

आप्पा रस्त्यात कुणालाही थांबवून "वेलांटी आधी का मागनं?" विचारू लागले. त्यांच्या बायकोनं, ताराकाकूंनी, मला एकदा विचारलं, "सर, ह्यांना कुनाला दाखवावं का?"

थंडी सरता सरता तक्ता जमला. त्या दुपारी आप्पांनी मला आत बोलावलं आणि कागदांचा एक गठ्ठा हातात ठेवला. "शुद्धलेखन बघता का? पयली हीच उघडलीया."

मला वाटलं, पत्रिका असतील. त्या धनगरी ओव्या होत्या. बिरोबाच्या, मेंढरांच्या, भीमेकाठच्या वाटांच्या.

"कुणाच्या या?"

"आबांच्या. माज्या बापाच्या."

बोलत-बोलत कळलं ते असं. तो पहिला कॉम्प्युटर घ्यायला आप्पांनी वाट्याची मेंढरं विकली होती. त्या दिवसापासून आबांनी लेकाशी बोलणं टाकलं. एका घरात राहून सगळा निरोप सुनेच्या तोंडून. पण ओव्या त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. म्हणून पुढं एका वर्षी ते दुपारचे दुकानात येऊ लागले. काठी टेकून, रस्त्याकडं तोंड करून बसायचे, ओव्या सांगायचे आणि उठून जायचे. दोन हिवाळे हे चाललं. मग आबा गेले. कॉम्प्युटर जळायच्या आधीच.

मी लाल पेन घेऊन वाचू लागलो. तिसऱ्या पानावर थांबलो.

*डोंगराच्या आडोशाला देव माझा उभा राहिला*
*थांब जरा दम लागला*
*पाण्यावाचून मेंढरू माझं वाट चुकून गेलं*
*वाळलास रं तू जेवून घे आधी*

"आप्पा, हे मधलं ओवीतलं नाही."

"म्हाईत हाय." आप्पा प्रिंटरकडं बघत होते. "त्ये इतक्या भराभरा सांगायचे की ओवी कंची आन् बोलनं कंचं, ते मला उमगायचं न्हाई. तोंडातनं आलं ते हानलं."

"मग तुम्ही काय म्हणायचा त्यांना?"

"काय म्हननार? हात गुंतल्याले. टाइप करायचो."

मी पान उलटलं. 'पंखा बंद कर सर्दी व्हईल.' 'डोळं लाल झाल्यात आज हितंच थांबू.' पानापानावर असं काहीतरी होतं. मी पेनाला टोपण लावलं.

आप्पांनी त्या ओव्यांच्या प्रती काढल्या आणि त्याही विरजणासारख्या वाटल्या. त्या वर्षी वडगाव रासाईला बिरोबाच्या देवळात धनगरांचं गजी नाचाचं मंडळ उभं राहिलं, तेव्हा मला मुद्दाम नेलं. ढोल वाजू लागले. म्होरक्या पोरसवदा होता, हातात आप्पांचेच कागद. त्यानं ओवी उचलली. डोंगराच्या आडोशाचा देव झाला, वाट चुकलेलं मेंढरू झालं, आणि त्याच चालीत, त्याच ठेक्यात त्यानं पुढची ओळ खेचली,

"वाळलास रं तूऽऽ जेवून घेऽ आधी!"

मागच्या सगळ्यांनी ती झेलली. दोनदा म्हटली, तीनदा म्हटली. म्हाताऱ्या बाया माना डोलवू लागल्या. चूक कुणीच काढली नाही. मी मराठीचा मास्तर, मीही नाही.

शेजारी आप्पा मांडी घालून बसले होते. चौथ्यांदा ओळ आली, तेव्हा ढोलाच्या आवाजात त्यांना वाटलं असावं की कुणाला ऐकू जाणार नाही.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "जेवतो."