काळी, लाल आणि एक ‘हं’

“माप चुकणं आपल्या हाताला ठाऊकच नाही!” असं टेलर ऊठसूट म्हणायचा. गिऱ्हाईक दारात दिसलं, की टेप न लावताच कमरेचा आकडा सांगायचा, आणि तो बरोबरही निघायचा! त्यामुळे जुनी स्कूटर कायमची आडवी झाली, तेव्हा नवी मोटरसायकल आपणच पारखणार हे त्याने परस्पर ठरवून टाकलं.

पण दुकानात काज-बटण करणारी बायको कसली ऐकते! टेलरचा जीव जडला होता लाल, सव्वाशे सीसीच्या गाडीवर. तिला हवी होती काळी, शंभरची.

“लालवर चढायला शिडी लागेल मला! माझे गुडघे बघा आणि ती सीट बघा.”

“अगं, गुडघे काय घेऊन बसलीस? इंजिन बघ! शोरूमसमोरचा चढ आपल्या दोघांना घेऊन जी हसत चढेल, ती आपली. कबूल?”

“कबूल. पण मागाहून कुरकुर चालणार नाही.”

आता या दोघांची लग्नापासूनची एक पद्धत होती. बायको मागे नीट बसली, पिशवी मांडीवर घेतली, की म्हणायची, “हं.” त्या “हं”शिवाय टेलरने कधी गाडी हलवली नव्हती.

आधी काळी. “हं” झालं, गाडी निघाली. चढावर तिने जी काही गुरगुर लावली म्हणता! कशीबशी माथ्यावर पोचली.

“ऐकलंस? दमली बिचारी!” टेलर खूश.

“पोचली ना पण?”

मग लाल. टेलरने हेल्मेट चढवलं, आरशात स्वतःकडे बघून मिशी सारखी केली. बायको मागे उभी राहून जमीन आणि सीट यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजत होती. शेजारी शोरूमवाला फोनवर कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकत होता. ऐकता ऐकता तो म्हणाला, “हं.”

आणि लाल सुटली! मागून आलेली “अहो!” ही हाक हेल्मेटच्या आत शिरलीच नाही.

काय ती चाल! चढ कधी लागला नि कधी सरला, पत्ताच नाही. “बघ, बघ! तू मागे आहेस असं वाटतसुद्धा नाही!” टेलर ओरडला. मागून उत्तर नाही. हरली म्हणून रुसली वाटतं! टेलर विरघळला. “अगं, काळीवर तू जराशी जड लागलीस, पण तो दोष काळीचा! तू काय, फुलासारखी!” तरी गप्प. रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली. “बरं बाई, तुझ्या गुडघ्यांसाठी वेल्डरकडून छोटी पायरी लावून घेऊ. मग तर झालं?”

माथ्यावर त्याने गाडी थांबवली. “उतर, जरा वारा खा.” कोणी उतरेना. त्याने मागे हात नेऊन चाचपलं, तर सीट रिकामी! पडली! कुठे पडली? तो तसाच उलटा फिरला आणि रस्त्याच्या दोन्ही कडा बघत, हाका मारत खाली आला.

बायको शोरूमच्या दारात खुर्चीवर बसून चहा पीत होती.

“अगं, लागलं नाही ना कुठे?” टेलर हेल्मेटसकट तिच्याकडे धावला. “जीव गेला होता माझा!”

“बसले असते तर पडले असते ना! कुणाच्या ‘हं’वर गेलात तुम्ही?”

शोरूमवाल्याने फोन हळूच खिशात घातला. “मग साहेब, कुठली पक्की करू?”

टेलरने तोंड उघडलं. तेवढ्यात बायको म्हणाली, “मला घेऊन जाते ती.”

काळी घेतली. टेलरला मुळीच वाईट वाटलं नाही. म्हणजे, वाटलं थोडंसं, लालकडे पाठ फिरवताना. पण बायको पहिल्याच खेपेत सहज मागे बसली, पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, “हं,” आणि त्याला एकदम बरं वाटलं. तरी त्याने किल्ली फिरवली नाही. मागे हात नेऊन आधी पिशवी चाचपली.

“तूच ना?”

“नाही, शोरूमवाला बसलाय! चला आता, दुकान उघडायचंय!”