पिवळटाळूची शोकसभा

एका जंगलात, जिथे रेंज फक्त उंबराच्या शेंड्यावर यायची, एक खार राहत होती. तिचं नाव झुबरी. हे नाव तिच्या आईला माहीत होतं आणि आता तुम्हाला कळलं. बाकी कुणाला ते माहीत नव्हतं.

मुलांनो, झुबरीचे डोळे फार तीक्ष्ण होते. पानाआडचा किडासुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. फक्त समोरून कुणी आलं की ती खाली बघून हरवलेली चिंच शोधायला लागायची. चिंच कधीच हरवलेली नसायची.

तिच्या वरच्या ढोलीत साळुंकीमावशी राहायची. दोघी रोज एकमेकींच्या समोरून जायच्या आणि झुबरी रोज चिंच शोधायची. शिवाय साळुंकीत बघण्यासारखं काय असतं?

एकदा सहलीला आलेली माणसं कॅमेरा विसरून गेली. तो झुबरीला सापडला. त्याच्यामागे तोंड लपवता येतं हे कळल्यावर तो तिला फारच आवडला. ती थेट पक्षीनिरीक्षक मंडळात दाखल झाली.

मंडळाचे अध्यक्ष घुबडकाका होते. ते दिवसभर झोपत, त्यामुळे पक्ष्यांबद्दलची त्यांची मतं कधी बदलत नसत. सचिव होते वानरराव. मंडळाचे नियम दोनच होते. फोटो नसेल तर पक्षी नाही. आणि पक्ष्याशी बोलायचं नाही, बोललं की निरीक्षण बिघडतं.

दुसरा नियम झुबरीला आपल्यासाठीच केल्यासारखा वाटला.

"ही कोण?" घुबडकाकांनी एक डोळा उघडून विचारलं.

"ती हो, शेपटीवाली," वानरराव म्हणाले.

"अहो, शेपटी तर तुम्हालाही आहे!"

सगळे हसले. झुबरीने चिंच शोधली.

पण मंडळाची एक पद्धत होती. नवा पक्षी सापडला की त्याला शोधणाऱ्याचं नाव द्यायचं. झुबरीने मनाशी ठरवलं, एक पक्षी शोधायचा. मग 'ही कोण' असं कुणी विचारणार नाही. आणि विचारलंच, तर उत्तर पक्षी देईल.

भाद्रपदातल्या एका सकाळी तो तिला दिसला. अंग तपकिरी. डोकं साफ टकलं आणि हळदीसारखं पिवळंधमक. जणू एखादं गिधाड धुतल्यावर आटलं होतं. असा पक्षी तिने जन्मात पाहिला नव्हता.

तिने घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला. पहिल्या फोटोत पान आलं. दुसऱ्यात तिची स्वतःची शेपटी आली. तिसऱ्यात पक्ष्याची शेपटी आली, तीही जाताना. चार दिवस ती फांदीला चिकटून राहिली. पक्षी तिच्याकडे बघून काहीतरी बोलू पाहायचा. नियम आठवून झुबरी कानावर पंजे ठेवायची. शेवटी एकदाचा फोटो आला.

तिन्हीसांजेला घुबडकाका जांभया देत उठले आणि कॅमेऱ्यात डोकावले.

"पाय पिवळे आहेत," झुबरी पुटपुटली. "पंखावर पांढरा पट्टा. साळुंकीसारखाच. म्हणजे मला वाटतं..."

"साळुंकीची नक्कल करतोय," घुबडकाका म्हणाले. "हुशार जात दिसते. नवीनच आहे!"

टाळ्या पडल्या. झुबरीने खाली बघत आपलं नाव सांगितलं आणि पक्ष्याचं नाव ठरलं, 'झुबरीचा पिवळटाळू'. झुबरीला त्या रात्री झोप लागली नाही. ती आपलंच नाव हळूच म्हणून बघत होती.

दुसऱ्या दिवशी अख्खं जंगल तिच्या झाडाखाली जमलं. ससे पोरंबाळं घेऊन आले. अस्वलाने मध आणला, स्वतःसाठी. दिवसभर कुणी हललं नाही. दुपार टळल्यावर वरच्या ढोलीतून दबका आवाज आला.

"ए, खालची! या गर्दीला घालव की गं. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

आवाज ओळखीचा होता. झुबरी वर गेली. ढोलीत पिवळटाळू बसला होता. खरं म्हणजे बसली होती.

"साळुंकीमावशी?"

"मग कोण? पिसं झडलीत डोक्यावरची. बाहेर पडायची लाज वाटते, त्यात तू फोटो काढत सुटलीस! 'मावशी, डोक्याला काय झालं?' एवढं विचारायला काय झालं होतं?"

"नियमात बसत नव्हतं," झुबरी म्हणाली.

"बरं, नाव काय तुझं?"

झुबरीने चिंचेसाठी खाली बघितलं. ढोलीत चिंच असणं शक्यच नव्हतं. "झुबरी," ती म्हणाली.

"अगं बाई! म्हणजे मी तुझी होय?"

झुबरीला रडूच आलं. खरं सांगितलं तर नाव जाणार होतं. नाही सांगितलं तर मावशी उपाशी राहणार होती. तिने डोळे पुसले, फांदीवर उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "हा नवा पक्षी नाही! ही साळुंकीमावशी आहे!"

वानररावांनी डोकं खाजवलं.

"पुरावा? पिसं असतानाचा मावशींचा फोटो आहे का?"

झुबरीकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. साळुंकीचा फोटो कोण काढतं?

"मग साळुंकीचीच नोंद संशयास्पद आहे," वानरराव म्हणाले. "पिवळटाळूचा तरी फोटो आहे."

गर्दी हलली नाही. मग झुबरीच रोज पानात गुंडाळून किडे वर नेऊ लागली. मावशी खाता खाता बोलायची आणि झुबरी ऐकायची. पुढेपुढे तीही बोलू लागली. काही आठवड्यांनी मावशीच्या डोक्यावर काळीभोर पिसं आली. ती बाहेर पडली आणि गर्दीच्या डोक्यावरून उडून गेली. साळुंकीकडे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

पिवळटाळू काही पुन्हा दिसला नाही. मंडळाने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं आणि शोकसभा भरवली. पहिल्या रांगेत साळुंकीमावशी हुंदके देत होती.

"आपण पाहिला होता का हो त्याला?" वानररावांनी हळुवारपणे विचारलं.

"रोज," मावशी म्हणाली. "पाण्यात बघितलं की दिसायचा."

'पाणथळीचा पक्षी', वानररावांनी लिहून घेतलं.

मागे एक ससा दुसऱ्याला विचारत होता, "झुबरी म्हणजे कोण रे?"

"तोच की तो पक्षी. गेला बिचारा."

झुबरी खाली बघणार, तेवढ्यात पुढून हाक आली. "झुबरे, चल गं! उंबरं पिकलीत."

तात्पर्य: मुलांनो, शेजाऱ्यांची विचारपूस कधीही करू नका. एखादी दुर्मिळ जात त्यामुळे कायमची नाहीशी होते.