उपवासाला कोको चालतो का?

माणूस काय खातो यापेक्षा तो काय खात नाही, यावर समाज टिकून असतो. मोताळा तालुक्यातलं आमचं गाव या बाबतीत फारच टिकाऊ आहे.

त्या दिवशी वंदनाचा अकरावा, म्हणजे शेवटचा गुरुवार होता. हे उपवास तिनं सासूच्या, मनकर्णाबाईंच्या गुडघ्यांसाठी धरले होते. एक मोडला की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी कापूस वेचताना तिला भोवळ आली आणि जाऊ रेणुकानं तिच्या तोंडात चॉकलेट कोंबलं. ते पाहून मनकर्णाबाई वंदनाला घेऊन त्याच गुडघ्यांवर तडक उत्तमरावांच्या ओसरीवर पोचल्या.

"चाकलेट खाल्लं तिनं, मी माह्या डोयानं पाह्यलं! आता माह्या गुडघ्याचं काय?"

उत्तमराव गावच्या उपवास समितीचे अध्यक्ष. (भगर हे धान्य नसल्याचा निकाल समितीनं पूर्वीच बहुमतानं दिला आहे.) प्रश्न एवढाच होता की, चॉकलेटातला कोको म्हणजे नेमकं काय? कडधान्य असेल तर उपवास मोडला. सुकामेवा असेल तर टिकला, शिवाय वजनदारही झाला. बी असेल, तर कुणाची ते पाहावं लागेल.

बियाण्यांचे दुकानदार ज्ञानेश्वर यांना तज्ज्ञ म्हणून पाचारण करण्यात आलं. त्यांनी मोबाइल पाहून सांगितलं की, कोको ही फळातली बी आहे. म्हणजे फलाहार! समितीचा जीव भांड्यात पडला. पण ज्ञानेश्वर प्रामाणिक माणूस, ते पुढंही वाचत गेले.

"अन् शेंगदाना कडधान्याच्या कुयातला हाये म्हन्ते. तुरीचा चुलतभाऊ."

गावातले ऐंशी टक्के उपवास शेंगदाण्यावर उभे आहेत, उरलेले दाण्याच्या लाडवावर. प्रत्येक सदस्याच्या हातात साबुदाणा खिचडीची बशी होती.

"मोबाइल ठेव बे तो," उत्तमराव म्हणाले.

ठराव झाला: गुरुवारी वनस्पतिशास्त्र ग्राह्य धरू नये. कोकोचा विषय उपसमितीकडे. तोवर जैसे थे.

खांबाला टेकून बसलेल्या वंदनानं विचारलं, "मंग मी काही खाऊ का, काकाजी? सकायपासून पोटात नुसतं ते चाकलेट हाये."

"थांब वो पोरी. उपास असंन तर तुले खिचडी, मोडला असंन तर भाकर. काय हाये ते ठरल्याबिगर कसं देता येईन?" असं म्हणून उत्तमरावांनी पुन्हा खिचडी घेतली.

उपसमितीचा अहवाल अजून यायचा आहे. कोकोचं काय ठरतं, याची तुम्हालाही उत्सुकता असेलच. वंदनाला शेवटी कुणी वाढलं का, हे समितीत कुणीच विचारलं नाही. तुम्हीही नाही. म्हणूनच उपसमितीसाठी तुमचं नाव एकमतानं सुचवण्यात आलं आहे.